एकाआड एक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी विकांत मोकळा मिळालाय. रिलीज पार पडलं, क्लायंट सुट्टीवर गेला, त्यामुळे गेले चार महिने ड्राफ्टमध्ये पडून असलेला हा लेख आज संपवायचाच असं ठरवलं. विषय थोडा जड आहे आणि लेख लांबलाय. चहा घेऊन बसा.

सुरुवात एका तिकिटापासून. रेल्वेच्या नाही, आमच्या हापिसातल्या सपोर्टच्या.

दीडेक वर्षापूर्वी आमच्या टीमकडे एका आरोग्यविषयक अॅपचं काम होतं. रक्तदाबाची, मधुमेहाची रोजची गोळी घेणाऱ्या लोकांना संध्याकाळी आठवण करून देणारा मेसेज जायचा, एवढंच त्यातलं आमचं फीचर. क्लायंटला प्रश्न पडला की या मेसेजने खरंच काही फरक पडतो का, की लोक तो नुसता सरकवून टाकतात? प्रश्न रास्त होता. मग आम्ही आयटीवाले करतो तेच केलं. युजर आयडीवरून एक आकडा काढायचा, सम आला तर मेसेज पाठवायचा, विषम आला तर नाही. आठ आठवडे चालवायचं, मग दोन्ही गटांत किती जणांनी 'गोळी घेतली' हे बटण दाबलं ते मोजायचं. याला ए-बी टेस्ट म्हणतात. कोड माझा होता. वीस ओळीसुद्धा नसतील.

तिसऱ्या आठवड्यात एक तिकीट आलं. लिहिणारे गृहस्थ वयस्कर असावेत, कारण मजकूर अगदी अर्जासारखा होता. पत्नीला रोज सात वाजता मेसेज येतो, आपल्याला येत नाही, सेटिंग दोनदा तपासलं, फोन बंद करून चालू केला, कृपया दुरुस्ती व्हावी.

मी आयडी पाहिला. विषम. तिकिटाला 'अपेक्षेप्रमाणे चालू आहे' असा शिक्का मारला आणि बंद केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. अपेक्षा आमची होती, एवढंच.

हे मी तिथेच विसरलो असतो. पण काही महिन्यांनी मावशीच्या एका तपासणीसाठी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. नंबर यायला तीन तास होते, मावशीजवळ मामी बसली होती, मी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि चालत चालत हाफकिन संस्थेच्या फाटकाशी आलो. लहानपणापासून ही पाटी शंभरदा पाहिलेली. हाफकिन हे कुणा माणसाचं नाव आहे, हे कळायला मला इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं होतं (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांना आत्ता कळलं असेल). त्या दिवशी घरी येऊन वाचायला बसलो आणि दोनच दिवसांत अशा एका गावाच्या नावाशी येऊन अडकलो, की ते तिकीट पुन्हा आठवलं.

वॉल्डेमार हाफकिन मूळचा ओडेसाचा. जन्म १८६०, धर्माने ज्यू, मेचनिकॉफचा विद्यार्थी. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. कॉलऱ्याची लस त्याने १८९२ मध्ये केली, सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ती घेऊन हिंदुस्थानात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचे रोगी ओळखले, आणि ऑक्टोबरात हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा, ही त्याची प्रयोगशाळा.

लस करायची कृती वाचताना मला फार मजा वाटली. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही इथे चालणार नाही, म्हणून बकऱ्याचं मांस घेतलं. रसावर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून चुनखडीचे खांब लोंबतात तसे. चंबू हलवला की ते तळाशी पडायचे, वर नवे वाढायचे. मग सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचं. साजूक तुपाचा हा उपयोग आपल्या आज्यांना माहीत नव्हता.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली, १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याच्या काही पट. ताप आला, सूज आली, दुखलं, उतरलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यातून कळलं ते फक्त इतकंच, की लस माणसाला मारत नाही. ती प्लेगपासून वाचवते का, हे एका माणसावर कधीच कळत नाही. हाफकिनला नंतर प्लेग झाला नाही, पण मुंबईत लाखो लोकांना लस न घेताही तो झाला नव्हता. त्यासाठी दोन गट लागतात. एकाला द्यायचं, एकाला नाही द्यायचं, आणि थांबायचं.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या कैद्यांपुढे लस ठेवण्यात आली, ज्यांनी हात पुढे केला त्यांना टोचली. तीनशेच्या वर कैदी, त्यातले साधारण निम्मे तयार झाले. टोचल्याच दिवशी ज्यांना लक्षणं दिसली त्यांना हिशेबातून वगळलं, कारण रोग त्यांच्या अंगात आधीच होता. त्यानंतर न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ मेले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणी नाही.

आकडे छान आहेत. पण कुठल्याही डेटावाल्याला विचारा, तो पहिलं बोट कुठे ठेवेल? 'ज्यांनी हात पुढे केला'. हात पुढे करणारा माणूस आणि न करणारा माणूस मुळात सारखे असतात का? पुढे येणारे तरुण असतील, धट्टेकट्टे असतील, तुरुंगाच्या मोकळ्या बाजूला झोपत असतील. मग वाचले ते लसीमुळे की आणखी कशामुळे? दुसरं म्हणजे, तुरुंगात 'स्वेच्छा' या शब्दाला काय अर्थ असतो? ज्याच्या जेवणाची वेळसुद्धा दुसरा ठरवतो, त्याने साहेबासमोर हात पुढे केला तर ती मर्जी कुणाची म्हणायची? आजच्या नियमांत कैद्यांवरच्या प्रयोगांना वेगळं संरक्षण आहे ते याचसाठी.

तरी हाफकिनच्या बाजूने एक बोललंच पाहिजे. त्या वर्षी मुंबई-पुण्यात प्लेगच्या नावाने जे चाललं होतं, त्यात कुणी विचारलंच नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा आला. पुण्यात रँडच्या कमिटीने सोल्जर घराघरांत घुसवले, बायकामाणसांच्या काखा-जांघा तपासल्या, सामान रस्त्यावर जाळलं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ते आपण शाळेतच शिकतो. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेला होता. अशा दिवसांत हाफकिन मात्र सक्तीच्या विरोधात होता. त्याचं म्हणणं, ज्याला हवं त्यालाच टोचायचं. तरुण आगाखानांनी स्वतः सगळ्यांसमोर टोचून घेतलं आणि खोजा समाज पुढे आला. हे संमतीने झालं. (मार्च १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. तेव्हा लस जेमतेम दोन महिन्यांची होती. ही तारीख वाचताना मी दर वेळी थांबतो.)

आता दुसरा तुरुंग, मुंबईतलाच उमरखाडीचा. १ जानेवारी १८९८. इथे हाफकिनने चूक सुधारली. कैद्यांना रांगांनी बसवलं आणि एकाआड एक टोचलं. निवड नाही, मर्जी नाही, धट्टाकट्टा की किडकिडीत हा प्रश्न नाही. तू हो, तू नाही, तू हो, तू नाही. कैदी सुटत होते, नवे येत होते, म्हणून संख्या सरासरीने धरावी लागली. टोचलेले १४७, त्यात ३ आजारी, मृत्यू शून्य. न टोचलेले १२७, त्यात १० आजारी, ६ मृत्यू.

हे वाचून मी खुर्चीत सरळ झालो. सम-विषम! माझा वीस ओळींचा कोड, माझ्या शंभरहून अधिक वर्षं आधी, उमरखाडीच्या तुरुंगाच्या अंगणात चालला होता. इंग्लंडातला स्ट्रेप्टोमायसिनचा तो सुप्रसिद्ध प्रयोग १९४८ सालचा, पुस्तकांतून आधुनिक चाचण्यांची सुरुवात तिथून सांगतात. (त्या प्रयोगात औषध न मिळालेल्या रोग्यांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलंच नव्हतं. असो, तो वेगळा लेख होईल.) पद्धत म्हणून उमरखाडी भायखळ्यापेक्षा कितीतरी सरस. पण ज्या गोष्टीने ती सरस झाली, तीच गोष्ट म्हणजे माणसाची मर्जी काढून घेणं. भायखळ्यात निदान हात पुढे करायचा की नाही हे कैद्याकडे होतं. उमरखाडीत तो फक्त कुठे बसला यावर ठरलं.

आणि मग ते गाव. उंढेरा. बडोद्याजवळ, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. फेब्रुवारी १८९८.

तिथे जाण्याआधी हाफकिनला काय माहीत होतं, ते आधी मांडतो. भायखळा माहीत होतं. उमरखाडी माहीत होतं. शिवाय दमण. पोर्तुगीजांच्या ताब्यातलं दमण १८९७ च्या साथीत नाकेबंदीने बंद होतं, त्यामुळे माणसं नीट मोजता आली. टोचलेले २,१९७, त्यातले ३६ मेले. न टोचलेले ६,०३३, त्यातले १,४८२ मेले. चारातला एक! यात हात पुढे करण्याचा घोळ आहे हे मान्य, तरी एवढा मोठा फरक केवळ निवडीने पडत नाही. मी क्लायंटला असला ग्राफ दाखवला असता तर तो मीटिंग संपायच्या आत म्हणाला असता, 'सगळ्यांना चालू करा.'

पण सरकारदरबारी आणि डॉक्टरांत शंकेखोर बरेच होते. टोचून घेणारे वेगळे, त्यांची वस्ती वेगळी, त्यांचं खाणंपिणं वेगळं. त्यांचं तोंड बंद करायचं तर दोन्ही गट एकाच छपराखाली हवेत. म्हणून उंढेऱ्यात घराघराला बोलावलं आणि प्रत्येक घराचे दोन भाग केले. पुरुष तसे पुरुष, बायका तशा बायका, मुलं तशी मुलं, घरात कुणी अशक्त असेल तर तेही दोन्हीकडे वाटून. एका भागाला टोचलं, दुसऱ्याला नाही. पद्धत म्हणून याच्यात खोट काढणं कठीण आहे. घर तेच, उंदीर तेच, पाणी तेच, जेवण तेच. फरक फक्त सुईचा.

पुढे गावातल्या २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत टोचलेली ७१ माणसं होती. ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४ होती. २७ आजारी पडली, २६ मेली.

मी हा तक्ता एक्सेलमध्ये टाकून पाहिला, सवय. टक्केवारी काढली, चार आणि चाळीस. पी-व्हॅल्यू काढायचं बटण दाबायच्या आधी माझ्या डोक्यात आलं की यातल्या एकेका घरात काय झालं असेल. धाकट्याला टोचलं, थोरल्याला नाही. नवऱ्याला टोचलं, बायकोला नाही. पंधरा दिवसांनी तिच्या काखेत गोळा आला. त्या घरातल्या टोचलेल्या माणसाने हिशेब कसा लावला असेल? आणि नसेल टोचलं त्याने आधी विचारलं असेल ना कुणाला तरी, की मला का नाही? विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं असेल? तक्त्यात ते नाही. तक्त्यात संमतीचाही रकाना नाही. त्या काळी तो कुठल्याच तक्त्यात नसायचा.

न टोचलेल्या ६४ जणांनाही टोचलं असतं तर, ७१ जणांच्या हिशेबाने, त्यातले साधारण तीन गेले असते. सव्वीस गेले. मधल्या माणसांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, आजच्या चष्म्यातून १८९८ कडे बघणं सोपं आहे. मान्य. मी दोन महिने स्वतःशी हाच वाद घालत होतो. बाजू अशी की लस थोडी, साथ मोठी, सगळ्या गावाला पुरेल एवढी नेहमी नसायचीच. न टोचलेल्यांकडून काही हिरावून घेतलं नव्हतं, हाफकिन गावात आलाच नसता तर सगळेच न टोचलेले राहिले असते. उलट ७१ जणांचं भलंच झालं. आणि असा निर्विवाद पुरावा नसता तर पुढे लाखो लोकांपर्यंत ती पोचली असती का? १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्याची प्रयोगशाळा थाटली गेली, आणि १९२५ पर्यंत मुंबईतून दोन कोटींहून अधिक डोस बाहेर पडले. सर थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने हाफकिनच्या आकडेवारीवर आणि लसीच्या प्रमाणीकरणावर बरेच ताशेरे ओढले, पण टोचणीचा प्रसार करा असंच शेवटी सांगितलं.

या सगळ्यात मला एकच मुद्दा पटत नाही आणि तो 'हिरावून घेतलं नव्हतं' हा. माझ्या तिकीटवाल्या काकांकडूनही मी काही हिरावून घेतलं नव्हतं. ते अॅप आधी नव्हतंच. पण ज्या दिवशी मी त्यांचा आयडी मोजायला घेतला त्या दिवशी ते माझ्या प्रयोगात आले. त्यांना काही दिलं नाही हे खरं, पण त्यांच्याकडून घेतलं नक्की. त्यांच्या विसरलेल्या गोळ्या माझ्या ग्राफचा अर्धा भाग होत्या. उंढेऱ्याचे ते सव्वीस जण नसते तर तीन या आकड्याला काही किंमत नव्हती. न मिळालेला गट काही न करता सगळ्यात मोठं काम करतो, आणि आभाराची यादी लिहिताना तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

हाफकिनची पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आयटीवाल्यांना फार जवळची वाटेल. पंजाबातून मागणी प्रचंड वाढली म्हणून उत्पादनाची कृती बदलली, कार्बोलिक आम्ल घालणं थांबवलं. ३० ऑक्टोबर १९०२ ला मलकोवाल नावाच्या गावात १०७ जणांना टोचलं. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. सगळे एकाच बाटलीतले, बाटली क्रमांक ५३-एन. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनला निलंबित केलं. नंतर बाहेर आलं की त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता त्याच बाटलीचं बूच काढायला वापरला होता. रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला. रूट कॉज कळायला पाच वर्षं. १९३० मध्ये तो लोझानला वारला. हाफकिनबद्दल मराठीत-इंग्रजीत जे लिहिलं जातं त्यात मलकोवाल नेहमी असतं, कारण तिथे त्याच्यावर अन्याय झाला. उंढेरा असतं ते यशाचा दाखला म्हणून. त्या दोन्ही गावांत मेलेल्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं मला तरी कुठे आढळलं नाही.

आता परत परळ. मावशी ज्या हॉस्पिटलात बाकावर बसली होती, त्याच हॉस्पिटलाने शंभर वर्षांनी याच प्रश्नाला हात घातला. रोग दुसरा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या वीस वस्त्या घेतल्या, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत आरोग्य सेविका व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी करणार, दर दोन वर्षांनी. उरलेल्या निम्म्यांत कॅन्सरविषयी माहिती देणार, तपासणी नाही. बारा वर्षांनी निकाल आला, तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी तो मांडला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. अत्यंत स्वस्त, वीज नको, मोठी लॅब नको.

असाच अभ्यास मराठवाड्यात उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने चालला होता. १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चार भाग. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पॅप, एकात व्हिनेगर, एकात काही नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांत ३४ मृत्यू, काहीच न तपासलेल्या ३१,४८८ बायकांत ६४.

यावर वाद पेटला. पॅप तपासणी कितीतरी दशकं जगात चालू आहे, तिने मृत्यू कमी होतात हे माहीत असताना हजारो बायकांना काहीच न देता नुसतं मोजत बसणं कसं योग्य, असा सवाल अमेरिकेतल्या एरिक सुबा नावाच्या पॅथॉलॉजिस्टने लावून धरला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतला दिंडिगुल अशा तीन अभ्यासांत मिळून न तपासलेल्या गटांतल्या २५४ बायका या कॅन्सरने गेल्या, हा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत गाजला. संशोधकांचं उत्तर असं, की भारतात या बायकांना एरवी मिळणारी सेवा म्हणजे 'तपासणी नाही' हीच होती. म्हणजे पुन्हा तेच, हिरावून काही घेतलं नाही.

मी आधी सरळ सुबांच्या बाजूला जाऊन बसलो होतो. मग उस्मानाबादचा तक्ता पूर्ण वाचला आणि उठावं लागलं. कारण त्याच अभ्यासात पॅप तपासणीच्या गटात मृत्यूंमध्ये ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही. व्हिनेगरच्या गटातही नाही! म्हणजे 'पॅप चालतंच, माहीत आहे' हे इथल्या गावांत, एकदाच केलेल्या तपासणीला, लागू पडलं नाही. आणि व्हिनेगरची तीच पद्धत मुंबईत, दर दोन वर्षांनी केल्यावर, चालली. काही न दिलेला गट नसता तर यातलं काहीही कळलं नसतं. तिन्ही गट एकमेकांशी ताडून आपण समाधानाने घरी गेलो असतो. भारत सरकारने २०१६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी व्हिनेगरच्या तपासणीची योजना आखली, ती अशाच अभ्यासांच्या बळावर.

मग चुकलं कुठे? माझ्या मते एका वेगळ्याच, कमी गाजलेल्या कागदात ते सापडतं. मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेचा होता, म्हणून तिथल्या सरकारी कार्यालयाने चौकशी केली. निष्कर्ष गट पाडले याबद्दल नव्हता. सहभागी बायकांना पर्यायी तपासण्यांची पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा होता. पॅप नावाची एक तपासणी असते, ती शहरात अमुक ठिकाणी करून मिळते, हे वाक्य. ते ऐकून त्या वस्तीतल्या किती जणी गेल्या असत्या? कदाचित थोड्याच. रोजंदारी बुडवून हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहणं काय असतं ते मी त्या दिवशी तीन तास पाहिलंय. आणि जास्त गेल्या असत्या तर अभ्यासाचा निकाल पुसट झाला असता, हेही खरं. तिथेच तर गोम आहे. न दिलेल्या गटातला माणूस जितका कमी जाणतो, तितका ग्राफ स्वच्छ येतो. माझ्या काकांना मी खरं उत्तर दिलं असतं तर ते पत्नीच्या फोनवर मेसेज वाजला की आपलीही गोळी घ्यायला लागले असते. (बहुधा घेतच असतील. म्हणजे माझा डेटा तसाही खराब होता.)

आता निदान वैद्यकात नियम आहेत. न्युरेंबर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, आपल्याकडे आयसीएमआरचं पहिलं निवेदन १९८० चं, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० ची आणि ताजी २०१७ ची. एथिक्स कमिटी असते, संमतीपत्र असतं, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आधी नोंदणी करावी लागते. आमच्याकडे काय आहे? फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी आणि दुःखी पोस्ट कमी-जास्त करून त्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते आठवडाभर पाहिलं. २०१४ मध्ये ते छापून आल्यावर लोकांना कळलं. संमती म्हणून दाखवली ती साइन-अपच्या वेळी न वाचता टिक केलेली धोरणं. माझ्या प्रयोगाला तेवढंही लागलं नाही. कोड रिव्ह्यूमध्ये एकाने व्हेरिएबलचं नाव बदलायला सांगितलं, बस.

आमच्या टेस्टचा निकाल सांगायचा राहिला. मेसेजने फरक पडत होता, फार नाही पण पडत होता. चौथ्या आठवड्यातच ग्राफ वेगळे झाले होते. 'आठ ठरलेत तर आठ होऊ द्या' असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो होतो, आणि पद्धत म्हणून ते बरोबरच होतं, अध्येमध्ये डोकावून थांबवलं की निकाल फसवे येतात. नवव्या आठवड्यात सगळ्यांना मेसेज सुरू केला. काकांनाही.

परळहून आल्यावर मी ते तिकीट शोधून पुन्हा उघडलं आणि काय झालं होतं ते चार ओळींत सरळ लिहून पाठवलं. लीडने विचारलं, बंद तिकीट कशाला उकरतोस? काकांचं उत्तर आलं नाही. अॅपच्या पहिल्या स्क्रीनवर टाकायला मी तीन वाक्यंही लिहून दिली आहेत, की इथे कधी कधी प्रयोग चालतात, तुम्हाला एखादी सोय न मिळण्याची शक्यता आहे, नको असेल तर इथे दाबा. क्लायंटचा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, कल्पना चांगली आहे, साइन-अप किती घटतात ते बघायला आधी यावरच एक ए-बी टेस्ट घेऊ.

गेल्या सोमवारी पुन्हा विचारलं. लीगलकडे आहे म्हणे.